जिन्याचं वळण

"वळणार नाही," विमा कंपनीचे साहेब जिन्याच्या मधल्या पायरीवर उभे राहून म्हणाले.

"काय वळणार नाही?" बाबांनी खालून विचारलं. हातातला रंधा तसाच होता.

"स्ट्रेचर. वरून निघेल, इथपर्यंत येईल आणि या कोपऱ्यात अडकून बसेल."

"हा जिना मी बांधलाय."

"छानच बांधलाय," साहेब म्हणाले. "पण वळणार नाही."

मी वरच्या दारात, पोटावर हात ठेवून उभी होते. आठवा सरत आला होता. साहेब किडकिडीत, अदबीने वागणारे; बूट खालीच काढून आले होते आणि मोजपट्टी अशा हलक्या हाताने धरत होते, की जिन्याला लागू नये. अशा माणसावर चिडणं फार अवघड जातं. बाबांना मात्र ते सहज जमलं.

"अहो, या जिन्यानं कपाटं वर गेलीत. पलंग गेलाय!"

"पलंगाचे पाय काढता येतात हो," साहेब हळूच म्हणाले. "कपाट उभं करून नेता येतं. आडव्या माणसाला आडवंच न्यावं लागतं."

बाबांनी रंधा बाकड्यावर ठेवला आणि सरळ दुकानाबाहेर निघून गेले. जाताना एवढंच म्हणाले, "दुसरी कंपनी बघा." माझा नवरा चहाचे कप घेऊन भिंतीशी उभा होता. त्याने वडिलांकडेही पाहिलं नाही आणि साहेबांकडेही. कपात काहीतरी पडल्यासारखा तो चहातच बघत राहिला.

बाबा म्हणजे माझे सासरे. धंद्याने सुतार. खाली त्यांचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या, आणि या दोन जगांच्या मध्ये तो जिना.

घरात बाळंत व्हायचं हे खूळ माझं. थोरलीच्या वेळी मी दवाखान्यात होते. तिथे काही वाईट झालं नाही, आणि लोकांना समजावताना हीच तर पंचाईत व्हायची. पोरगी धडधाकट, मी धडधाकट, डॉक्टर हुशार. पण नवऱ्याला दाराबाहेर ठेवलं होतं, मला ढकलगाडीवर एका बोळात ठेवलं होतं, आणि येणारी-जाणारी प्रत्येक जण "ही कितव्या खाटेची?" असं माझ्या डोक्यावरून दुसरीला विचारत होती. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. आमच्याकडे आलेल्या माणसाच्या नाकावर फ्रेम ठेवायची तरी आम्ही आधी त्याला विचारतो. तिथे मला कोणी काहीच विचारलं नाही. घरी आल्यावर कितीतरी दिवस मला त्यावर बोलता आलं नाही, आणि दुसऱ्यांदा दिवस राहिल्यावर तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते हे, की मी या वेळी माझ्या खोलीत, माझ्या माणसांत बाळंत होणार.

नवरा दोन दिवसांनी एक सुईण शोधून आला. रीतसर शिकलेली, परवाना असलेली, आवाजाने करडी. माझ्या पोटाकडे न बघता बाईंनी पहिला प्रश्न टाकला.

"विमा आहे?"

"पोट बघायच्या आधी विमा?" मी विचारलं.

"हो. बहुतेकींना दवाखाना लागत नाही. पण एखादीला लागतो ना, तिच्या घरचे दारात उभे राहून विचार करत बसतात. न्यायचं का, खर्च केवढा येईल, जरा वाट बघू या का. तो विचार करणारा माणूस मला दारात नको. विमा असला की लोक विचार करत नाहीत, उचलतात आणि नेतात. विमा नाही तर मी नाही."

बाई मला तिथेच पटल्या.

नवऱ्याच्या छापखान्याचा विमा होता, त्यात बाळंतपणही होतं. पण घरातलं बाळंतपण म्हटल्यावर कंपनीची बोबडी वळली. फोनवर आधी एक यंत्र बोलायचं : आजारासाठी एक दाबा, अपघातासाठी दोन दाबा. मी रोज दुकानातलं गिऱ्हाईक संपलं की फोन लावायचे. एकदा खरं माणूस लागलं, तर ती मुलगी म्हणाली, "मॅडम, घरी प्रसूती झाली तर तिला आजार धरायचं की अपघात?"

"बाळ होणार आहे हो," मी म्हटलं. "तुम्हीच ठरवा."

तिने मला 'इतर' विभागात पाठवलं. तिथे एक वयस्कर आवाज भेटला आणि त्याने सगळं नीट सांगितलं. घरचं बाळंतपण विम्यात बसतं. सुईण परवान्याची हवी, दवाखाना जवळ हवा, आणि घरातून माणसाला झोपलेल्या स्थितीत बाहेर काढता यायला हवं. ते बघायला कंपनीचा माणूस येईल. सुईण होती, दवाखाना दोन गल्ल्यांपलीकडे होता. आता फक्त घर दाखवायचं, एवढंच राहिलं होतं, आणि नेमकं तिथेच घोडं अडलं.

त्या जिन्याबद्दल सांगायलाच हवं. बाबांनी ही जागा घेतली तेव्हा वर जायला शिडी होती. खाली रंधा मारायचं मोठं मशीन बसवायचं होतं, लाकूड ठेवायचं होतं, म्हणून त्यांनी जिना कोपऱ्यात दडपला आणि मध्यावर त्याला असं वळण दिलं, की जिना जणू अंग चोरून उभा राहिलाय. एकाही सांध्यात खिळा म्हणून नाही. वळणावरच्या पायऱ्या पंख्याच्या पात्यांसारख्या, एकीकडे निमुळत्या. कठडा असा गुळगुळीत, की थोरली त्यावर गाल घासायची. लोक कपाट बघायला यायचे आणि जिना बघून कपाट सांगून जायचे. दर सुट्टीच्या दिवशी बाबा त्याला तेल लावून पुसत. मी थट्टा करायचे, "बाबा, एवढी सेवा आमचीही करा की!" ते हसायचे नाहीत. मला वाटायचं, कलावंताचा ताठा, दुसरं काय.

साहेब जाताना म्हणाले होते, "खालच्या मजल्यावर सोय होत असेल तर मंजुरी मिळेल." खाली भुश्याशिवाय काही नव्हतं. "नाहीतर जिन्यात बदल करा, मला कळवा, मी परत येईन. मुद्दाम आडकाठी घालत नाही हो मी, ताई." ते खरं बोलत होते, ते त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं वाळलेले कपडे घड्या करत बसलो होतो. मी तोंड सोडलं होतं. म्हटलं, "बाबांनी नुसतं 'बघू' म्हणायला काय हरकत होती? एका जिन्यापायी माझं सगळं फिसकटणार. आणि तू! मूग गिळून उभा!"

त्याने हातातली चादर घडी न करताच मांडीवर ठेवली.

"ते साहेब बरोबर सांगत होते," तो म्हणाला. "नाही वळत. अडकतं."

"तुला काय माहीत?"

"आईच्या वेळी अडकलं होतं."

सासूबाई मी पाहिल्या नाहीत. आमच्या लग्नाआधीच त्या गेल्या. हृदय बंद पडलं, एवढंच मला माहीत होतं. लग्न झाल्यापासून या घरात त्यापुढचं वाक्य कोणी बोललं नव्हतं.

"सकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं. गाडी लगेच आली. ती माणसं स्ट्रेचर घेऊन वर चढायला लागली आणि वळणावर थांबली. उभं करून बघितलं, तिरकं करून बघितलं. मग म्हणाले, खुर्ची द्या. आईला खुर्चीत बसवलं, चादरीनं बांधलं. मी खुर्चीचे मागचे पाय धरले होते, गाडीवाल्यानं पुढचे. बाबा पुढं, उलटे उतरत होते, तिची मान धरून. मान सारखी पडत होती तिची."

"मग?"

"मग काय. दवाखान्यात पोचलो तोवर संपलं होतं. बाबांनी डॉक्टरांना विचारलं, जरा आधी आणलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. बाबांनी परत विचारलं. ते परत तेच म्हणाले."

"आणि तुम्ही दोघं यावर कधीच बोलला नाहीत?"

"काय बोलू? तुमच्या जिन्यामुळं, असं म्हणू?"

मला आधी दोघांचाही राग आला. एका छपराखाली राहून दोन पुरुष एवढं मोठं लाकूड छातीवर ठेवून जेवतात काय, झोपतात काय! मग राग विरला आणि मला नुसतं भरून आलं. मी ज्याला ताठा समजत होते तो ताठा नव्हता. तो माणूस दर आठवड्याला त्या कठड्यावर हात फिरवून स्वतःलाच काहीतरी विचारत होता, आणि कठडा डॉक्टरांसारखाच उत्तर देत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेले. बाबा पटाशीला धार लावत होते.

"बाबा, मी दवाखान्यातच जाते. बाईंना तसं कळवते आज. जिना राहू दे."

धार लावणं थांबलं नाही. "त्यानं सांगितलं वाटतं तुला."

"हो."

त्यांनी दगडावर पाणी शिंपडलं. मग त्यांनी असं काही विचारलं, जे मला माझ्या आईनेही विचारलं नव्हतं.

"पहिल्या खेपेला दवाखान्यात तुला झालं काय होतं गं?"

"काही नाही, बाबा. म्हणजे… एकटी होते. वर नुसते दिवे होते आणि लोक जात होते. मला वाटत होतं, मी सामान आहे."

त्यांनी पटाशी अंगठ्यावर तपासली. "मापं घेतली होती ना मी," ते म्हणाले, पण माझ्याशी बोलत होते असं वाटलं नाही. "सगळ्याची घेतली होती. कपाटाचं घेतलं, पलंगाचं घेतलं. काय काय वर चढवायचंय ते सगळं मोजलं. माणूस खाली उतरवायचाय, हे कुठं डोक्यात होतं? तेव्हा आम्ही सगळेच चालते-बोलते होतो."

मग उठले आणि म्हणाले, "थोरलीला घेऊन चार दिवस कुठंतरी राहायला जा. इथं धूळ उडेल."

मी आमच्या चष्म्याच्या दुकानातल्या मालकीणबाईंकडे राहायला गेले. पुढचं मला नवऱ्याने रोज संध्याकाळी येऊन सांगितलं. वळणावरच्या निमुळत्या पायऱ्या काढून तिथे ऐसपैस चौथरा करायचा आणि जिना खाली दुकानात पुढे आणायचा, असं बाबांनी ठरवलं. म्हणजे मशीनची जागा जाणार. मशीन त्यांनी त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या एका सुताराला दिलं. तो न्यायला आला तेव्हा म्हणाला, "उस्ताद, याच्याशिवाय मोठं काम कसं करणार?" बाबा म्हणाले, "आता छोटं करीन." फोनवर मी कुरकुरले तेव्हा मला म्हणाले, "अगं, आता कुठं उरकतंय माझ्यानं?" धादांत खोटं. त्यांच्या मनगटात अजून माझ्या नवऱ्याच्या दुप्पट जोर होता. मोठी कपाटं, दारं, पलंग, ज्यावर त्यांचं नाव झालं ते सगळं त्या मशीनबरोबर गेलं. पुढे ते स्टूल, चौकटी आणि मोडक्या खुर्च्यांची दुरुस्ती, एवढंच करत राहिले.

जुना जिना मात्र सुटता सुटेना. सांधे इतके चपखल बसवले होते, की पाचर मारून, हातोडा मारून ते ढिम्म हलले नाहीत. शेवटी बाबांनी करवत घेतली. पहिल्या दिवशी त्यांनी मुलाला हात लावू दिला नाही. "तू बाजूला हो, तुला जमायचं नाही," असं खेकसले आणि स्वतःच्याच कामावर स्वतः करवत चालवत राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी मोठी तुळई सुटायला आली तेव्हा दम लागून थांबले, आणि वर न बघता म्हणाले, "धर रे ते टोक." दोघांनी मिळून ती उचलून बाहेर ठेवली. हे सांगताना नवऱ्याचा आवाज जरा बदलला. मालकीणबाईंच्या बैठकीत बसून मी उगाच थोरलीची वेणी सोडली आणि परत घातली.

आम्ही परतलो तेव्हा जिना नवा होता आणि अगदी साधा होता. सांध्यांत खिळे दिसत होते. घाई होती ना. माझे दिवस भरत आले होते.

साहेब पुन्हा आले ते सकाळी, रुग्णवाहिकेचा एक ड्रायव्हर आणि हाताने उचलायचं स्ट्रेचर घेऊन. चौथरा बघून त्यांनी मान डोलावली, पण मोजपट्टी काढली नाही.

"मापावर नको जायला," ते म्हणाले. "उतरवूनच बघू. कोणीतरी झोपावं लागेल. रिकामं स्ट्रेचर काय, कुठूनही वळतं."

"मी झोपते," मी म्हटलं. माझंच तर काम होतं.

"तू गप!" नवरा आणि बाबा एकदम ओरडले. एवढं एकमत मी त्या घरात पहिल्यांदाच पाहिलं.

नवऱ्याला एक टोक धरायचं होतं. साहेबांना बघायचं होतं. बाबांनी कानावरची पेन्सिल काढून माझ्या हातात दिली, अंगावरचा भुसा झटकला आणि वर चढले. "मी झोपतो," म्हणाले.

वरच्या खोलीत ते स्ट्रेचरवर उताणे झाले. ड्रायव्हरने छातीवरून आणि पायांवरून पट्टे आवळले. "आजोबा, वजन बेताचं आहे तुमचं, बरं झालं," तो म्हणाला. बाबा हसले नाहीत. डोक्याकडची बाजू नवऱ्याने धरली, पायांकडची ड्रायव्हरने, आणि ते उतरू लागले. मी वरून बघत होते. खरं सांगते, त्या क्षणी मला विम्याची काळजी नव्हती. आपल्या माणसाला असं बांधून नेताना बघवत नाही, मग ते खोटं खोटं का असेना.

चौथऱ्यावर ड्रायव्हर मागे सरकला, नवरा बाजूला झाला, आणि स्ट्रेचर वळलं. कुठे घासलं नाही, टेकलं नाही. खाली उभ्या साहेबांचा श्वास सुटलेला मला वरपर्यंत ऐकू आला.

"थांबा," बाबा म्हणाले.

"काय झालं? पट्टा लागला का?" ड्रायव्हरने विचारलं.

"नाही. जरा थांबा."

ते थांबले. बाबा वर बघत होते. तिथे काही नव्हतं, आपलं छत, आणि जुना जिना जिथे भिंतीला लागून होता तिथला उघडा पडलेला पांढरा पट्टा.

"झोपवून नेता आलं असतं तिला," बाबा म्हणाले.

नवऱ्याचं तोंड माझ्याकडे नव्हतं. त्याच्या मानेची शीर तेवढी दिसत होती. मला वाटलं, हा आताही गिळून टाकणार सगळं.

"बाबा," तो म्हणाला, "तुम्ही आईची मान सोडली नव्हती. मी मागून बघत होतो."

"पडत होती रे सारखी."

"हो. पण सोडली नव्हती तुम्ही. शेवटपर्यंत नाही."

बाबांनी डोळे मिटले. ड्रायव्हरला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याने एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि फार हळू आवाजात विचारलं, "चलायचं?"

खाली साहेबांनी मंजुरी दिली. पुढचं सांगून टाकते, कोणाच्या जिवाला घोर नको. आमची धाकटी वरच्याच खोलीत झाली, उजेड असताना, माझ्या पलंगावर. बाईंचा एक हात माझ्या पाठीवर होता आणि नवऱ्याचे दोन्ही हात माझ्या हातात. प्रत्येक गोष्ट मला विचारून झाली. स्ट्रेचर लागलंच नाही. बाबा सगळा वेळ जिन्याच्या तळाशी बसून होते, पायरीवर कोणी चप्पलसुद्धा ठेवू नये म्हणून.

पण त्या सकाळी मंजुरी मिळाल्यावरही ते स्ट्रेचरवरून उठले नाहीत.

"झालं काका, उठा आता," साहेब म्हणाले.

"गाडी रस्त्यावर असते ना?" बाबा म्हणाले. "मग तिथवर न्या. अर्धवट काय बघायचं?"

त्यांनी बाबांना दुकानातून बाहेर नेलं. जिन्यातून निघालेल्या लाकडांच्या ढिगाजवळून, उन्हात. समोरचा किराणावाला हातातला तराजू टाकून धावत आला. "अहो, काय झालं यांना?"

"काही नाही," बाबा पडल्या पडल्या म्हणाले. "जिना बघतोय."

रस्त्याच्या कडेला, गाडीच्या उघड्या दारापाशी ते थांबले. साहेबांनी खूण केली. ड्रायव्हर स्ट्रेचर टेकवायला वाकला, पण दुसरं टोक खाली येईना, तेव्हा तोही पुन्हा सरळ झाला.

"ठेव रे," बाबा म्हणाले. "हात भरून येतील."

"नाही येत," नवरा म्हणाला, आणि वडिलांना धरून तसाच उभा राहिला.